पार्ट-टाइम पीएच.डी., फुल-टाइम शाळा

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय असं स्टाफरूममध्ये कळलं की दोन प्रश्न हमखास येतात: पगार किती वाढणार, आणि गाइड कोण? पहिल्याचा निकाल इथेच लावते. शाळेत शिकवणाऱ्याने पगारवाढ गृहीत धरून या फंदात पडू नये. दुसरा प्रश्न बरोबर आहे, फक्त तो फॉर्म भरायच्या बराच आधी विचारायला हवा.

पुढे लिहिलंय ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून, नोकरी चालू ठेवून, मराठीत प्रबंध लिहून पूर्ण केलेल्या पीएच.डी.वरून. विद्यापीठाची फी आणि तारखा अधिसूचनेगणिक बदलतात, म्हणून त्या संकेतस्थळावरूनच घ्या. मूळ चौकट मात्र युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 7 नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीची आहे आणि ती पीडीएफ प्रत्येकाने एकदा स्वतः वाचावी. वाचलेली असली की काउंटरवर कुणी 'असं चालत नाही' म्हटल्यावर कोणत्या नियमाने, हे शांतपणे विचारता येतं.

अमेरिकेत कामावर असलेल्या शिक्षकांसाठी एड.डी. नावाची वेगळी पदवी शंभर वर्षांपासून आहे. तिथला अलीकडचा आग्रह असा की प्रबंधाचा विषय शिक्षकाच्या रोजच्या कामातल्या अडचणीतूनच यावा. नागपुरात शाळेतल्या शिक्षकाला खुली असलेली वाट पार्ट-टाइम पीएच.डी.चीच, पण विषय निवडताना एड.डी.चं हे तत्त्व बिनधास्त उचलावं. 'अमुक जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या भावनिक बुद्धिमत्तेचा व कार्यसमाधानाचा तुलनात्मक अभ्यास' या धाटणीचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, ढिगाने पडलेत. त्यासाठी चाळीस-पन्नास शाळांत प्रश्नावल्या वाटत आणि गोळा करत फिरावं लागतं, आणि नोकरीवाल्याला नेमकं तेच जमत नाही. माझा विषय सहावीच्या शाब्दिक उदाहरणांचा होता. मुलांना गुणाकार येतो, भागाकार येतो, पण उदाहरण वाचून यातलं काय करायचं ते ठरवता येत नाही. अडचण रोजची, वर्ग हाताशी, आणि निष्कर्ष काहीही निघाला तरी सोमवारी वर्गात उपयोगी पडणारा.

पात्रतेचं थोडक्यात: एम.एड. किंवा एम.ए. (शिक्षणशास्त्र), 55 टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना 5 टक्क्यांची सूट. ऑनलाइन फॉर्ममध्ये बरेच जण शिक्षणशास्त्र मानव्यविद्या शाखेत शोधत बसतात. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानंतर ते आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेत आहे, तिथे बघा. एम.एड. दुसऱ्या विद्यापीठाचं असेल तर स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. ते यायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

प्रवेशाची दारं दोन. एक विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, जिला सगळे 'पेट' म्हणतात. युजीसीच्या नियमांप्रमाणे अशा परीक्षेत निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो, पात्रतेला 50 टक्के लागतात, आणि निवड करताना लेखीला 70 टक्के व मुलाखतीला 30 टक्के भार असतो. दुसरं दार नेटचं, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं. जून 2024 पासून नेटच्या निकालात 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' अशी तिसरी यादीही लागते. त्या गुणांवर एक वर्षाच्या आत प्रवेश घ्यावा लागतो. पहिला पेपर 100 गुणांचा, शिक्षणशास्त्राचा दुसरा 200 चा, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. एम.एड. होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील तर संशोधन पद्धतीचा भाग पुन्हा पाया घालून करावा लागतो. चलांचे प्रकार, नमुना निवडीच्या पद्धती, पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या चुका, टी आणि एफ या सांख्यिकी चाचण्या कधी वापरायच्या, एवढं नीट झालं की निम्मा पेपर आपला.

आता गाइड. नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे ज्यांचं नाव सगळे घेतात त्यांच्याकडे जागा नसते. गाइडची विद्यापीठाची यादी डाउनलोड करून जागा किती रिकाम्या आहेत ते आधी पाहा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही, म्हणून सेवानिवृत्तीची तारीखही विचारून घ्या. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही, गाइड स्वतःच सांगतात. भेटायला जाताना 'सर, एखादा विषय द्या ना' म्हणत जाऊ नये. दोन पानं लिहून न्यावीत: अडचण काय, आजवर त्यावर काय काम झालंय, मला माझ्या शाळेत नेमकं काय करून बघता येईल. गाइड दोन पानं वाचतात, वीस वाचत नाहीत.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते एनओसीवर. पार्ट-टाइमसाठी नोकरीच्या ठिकाणाहून जे ना-हरकत प्रमाणपत्र लागतं त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: उमेदवाराला पार्ट-टाइम शिक्षणाची परवानगी आहे, त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क (पीएच.डी.चा सक्तीचा अभ्यासक्रम) पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल. शाळेच्या ठरलेल्या नमुन्यातली 'उच्च शिक्षणास हरकत नाही' ही एका ओळीची एनओसी छाननीत परत येते. मुख्याध्यापक थबकतात ते तिसऱ्या वाक्याला. त्यांना वाटतं आपण सहा महिने बाई मोकळ्या सोडतोय. त्यांच्यासमोर युजीसीच्या नियमाचं पान ठेवा, 'गरज पडल्यास' हे शब्द दाखवा आणि कोर्सवर्कच्या तासांचं संभाव्य वेळापत्रक सोबत जोडा. मसुदा आपणच टाइप करून न्यावा, लेटरहेड तेवढं त्यांचं.

खाजगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांच्या सहीबरोबर संस्थेच्या सचिवांची सहीही घ्या. जिल्हा परिषद शाळेतल्यांनी अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी असा योग्य मार्गानेच पाठवावा. मधली पायरी गाळली की फाइल नेमकी त्याच पायरीवर परत येते. प्रत्येक टेबलावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. 'ठेवून जा, बघतो' या उत्तरावर माघारी फिरायचं नाही, क्रमांक मिळाल्याशिवाय अर्ज दिला असं समजायचं नाही. आणि एक नागपुरी बाब: डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. त्या काळात शिक्षण खात्यातली मंडळी विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं जमवण्यात गुंतलेली असतात. परवानगीचा कोणताही कागद एक तर दिवाळीआधी हातात घ्या, नाहीतर जानेवारीची वाट बघा.

प्रवेश झाला की सहा वर्षांचं घड्याळ प्रवेशाच्या तारखेपासून सुरू होतं, आराखडा मंजूर झाल्यापासून नव्हे. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी महिलांना पूर्ण कालावधीत 240 दिवसांची रजा संशोधनातूनही मिळते. ती शाळेच्या रजेहून वेगळी असते आणि विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करून घ्यावी लागते. हे माहीत नसल्याने कितीतरी जणी गप्प राहून मुदत घालवतात.

संशोधन आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, आधी संशोधन सल्लागार समितीसमोर आणि मग संशोधन व मान्यता समितीसमोर जातो. बोलीभाषेत आरएसी आणि आरआरसी. या टप्प्यावर सगळ्यात जड गोष्ट म्हणजे शीर्षक, कारण मंजूर झालेल्या शीर्षकातला एक शब्द बदलायलाही पुन्हा समिती लागते. शीर्षकात शैक्षणिक वर्ष घालू नका. प्रयोग एक वर्ष पुढे ढकलला गेला की अडचण होते. शाळेचं नाव घालू नका, बदली झाली तर काय? 'परिणामकारकता' हा शब्द घातलात तर नियंत्रित गट (ज्याच्यावर प्रयोग होत नाही असा तुलनेचा गट) दाखवावाच लागेल, हे समजून घाला. शीर्षकाचं मराठी आणि इंग्रजी रूप अक्षरशः जुळतंय का ते गाइडखेरीज आणखी एका जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, कारण पदवीच्या कागदांवर दोन्ही फिरतात. समितीत विचारतात ते साधं असतं: नमुना कसा निवडणार, साधन (म्हणजे चाचणी किंवा प्रश्नावली) कुठून आणणार, परिकल्पना कशाने तपासणार. 'तज्ज्ञांच्या सल्ल्याने' हे उत्तर तिथे चालत नाही.

कोर्सवर्क 12 ते 16 श्रेयांकांचं. त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा पेपर सक्तीचा, आणि किमान 55 टक्के हवेत, नाहीतर पुढे जाता येत नाही. तास प्रत्यक्ष हजेरीचे असतात. कोणत्या केंद्रावर ते शनिवारी दुपारी किंवा सुट्यांत घेतात, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. शनिवारची सकाळची शाळा ही आपल्याला मिळालेली सगळ्यात मोठी सवलत आहे. दुपारी गाइड, ग्रंथालय, कोर्सवर्क, जे काय ते त्यात बसवा. विद्यापीठाचा कारभार एका आवारात नाही. सिव्हिल लाइन्स, अमरावती रोड आणि रामदासपेठेतलं ग्रंथालय, असा त्रिकोण आहे. त्यामुळे निघण्याआधी कोणता कक्ष सध्या कुठे बसतो ते फोन करून विचारा, आणि दोन कामं एकाच बाजूची असतील तेव्हाच अर्धी रजा टाका. आपण दीर्घ सुटी मिळणारे कर्मचारी, अर्जित रजेची चैन आपल्याला नाही. अर्धपगारी रजा वर्षाला 20 दिवस साठतात. त्या शेवटच्या लेखनासाठी राखून ठेवा.

पीएच.डी.चा कस लागतो तो साधन तयार करताना. तयार प्रमाणित चाचणी विकत मिळते, पण ती बहुधा हिंदी किंवा इंग्रजीत असते, दुसऱ्या वयोगटाची असते आणि हुकमी प्रश्न असा येतो की मराठी रूपाची विश्वसनीयता कुठे काढली? स्वतःची चाचणी बनवणं जास्त मेहनतीचं, पण व्हायव्हात (शेवटच्या तोंडी परीक्षेत) तीच तारते. हवे असतात त्याच्या दीडपट प्रश्न लिहा. ते विषयतज्ज्ञांकडे द्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'आवश्यक / उपयुक्त पण आवश्यक नाही / अनावश्यक' असे तीन रकाने ठेवा. लॉशेच्या पद्धतीने दहा तज्ज्ञ असतील तर आशय-वैधता गुणोत्तर (तज्ज्ञांचं एकमत मोजणारा आकडा) किमान 0.62 यावं लागतं, म्हणजे दहापैकी नऊ जणांनी 'आवश्यक' म्हणायला हवं. आठ जणांचं 0.60 येतं आणि प्रश्न बाद होतो. तज्ज्ञ म्हणून फक्त पीएच.डी.धारक धरू नका, सहावीला गणित शिकवणारे दोन-तीन अनुभवी शिक्षक घ्याच. मुलं कुठे अडखळतील ते त्यांना नजरेने कळतं.

मग पायलट, म्हणजे चाचणीचीच आधी घेतलेली चाचपणी. समजा 100 मुलांना चाचणी दिली. उत्तरपत्रिका गुणांप्रमाणे लावायच्या, वरच्या 27 आणि खालच्या 27 वेगळ्या काढायच्या. एखादा प्रश्न वरच्या गटात 22 जणांनी आणि खालच्या गटात 9 जणांनी बरोबर सोडवला, तर काठिण्य मूल्य (22 + 9) भागिले 54, म्हणजे 0.57, आणि भेदनक्षमता, म्हणजे हुशार आणि कच्च्या मुलांतला फरक दाखवण्याची ताकद, (22 − 9) भागिले 27, म्हणजे 0.48. उत्तम प्रश्न. काठिण्य 0.30 ते 0.70 च्या दरम्यान आणि भेदनक्षमता 0.30 च्या वर, असे ठेवले की समिती बोट ठेवत नाही.

बाद होणारे प्रश्न जास्त शिकवतात. एक उदाहरण: 'एका क्रेटमध्ये 8 डझन संत्री होती. त्यांपैकी एक चतुर्थांश खराब निघाली. उरलेली संत्री 60 रुपये डझनाने विकली. किती रुपये मिळाले?' वरच्या गटात 14 बरोबर, खालच्या गटात 13. भेदनक्षमता 0.04. उत्तरपत्रिका उघडल्या तर दिसतं की हुशार मुलांनी सवयीने 8 डझनाची 96 संत्री केली, त्यातली 24 वजा करून 72 काढली आणि सरळ 60 ने गुणून 4320 लिहिलं. 6 गुणिले 60 म्हणजे 360 हे उत्तर जवळचं होतं, पण डझन आला की 12 ने गुणायचं हे आपणच त्यांच्या अंगवळणी पाडलंय. असा प्रश्न चाचणीतून काढायचा, पण प्रबंधात मात्र ठेवायचा. त्रुटी-विश्लेषणाच्या प्रकरणाला यापेक्षा चांगला माल मिळत नाही.

बरोबर-चूक अशा गुणदानासाठी विश्वसनीयता केआर-20 या सूत्राने काढा, मापनश्रेणी असेल तर क्रॉनबॅक अल्फाने. दोन्ही एकदम देऊन वजन वाढत नाही, उलट एखादा परीक्षक विचारतो, कशासाठी? पायलटची शाळा मुख्य नमुन्यात येता कामा नये. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरीही शाळा कमी पडल्या की मोह होतो.

नमुना गोळा करायच्या परवानग्या जिल्हा परिषद शाळांसाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडून, मनपा शाळांसाठी मनपाच्या शिक्षण विभागाकडून. अर्जासोबत चाचणीची प्रत, किती तासिका लागणार, कोणत्या वर्गाला, आणि मुलांची नावं कुठेही छापली जाणार नाहीत हे लेखी. पालकांचं संमतीपत्र मराठीत, अर्ध्या पानाचं, सोप्या वाक्यांचं असावं. विद्यापीठीय भाषेत लिहिलेलं पत्र दप्तरातच राहतं.

प्रयोग कधी करायचा? विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैचे पहिले दोन आठवडे पुस्तकं, गणवेश, यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या) नोंदी यात जातात. मग पायाभूत चाचणी. पोळा, मारबत, गणपती यांत वर्ग सलग मिळत नाही. ऑक्टोबरात संकलित चाचणी, त्यानंतर दिवाळी. दिवाळीनंतर काटोल-नरखेडकडच्या शाळांत कापूसवेचणीमुळे हजेरी पातळ होते. जानेवारीत स्नेहसंमेलन आणि क्रीडा महोत्सव, फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षा. शाळा केंद्र असेल तर खालचे वर्ग सकाळी किंवा बंद. निवडणुकीचं काम आलं तर हे सगळं आणखी विस्कटतं. एवढं वजा करून सहा ते आठ आठवड्यांच्या सलग दोनच खिडक्या उरतात: जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टअखेर, आणि शहरी शाळेत नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर. आराखड्यात 'बारा आठवड्यांचा उपक्रम' लिहून मोकळे झालेले लोक इथेच वर्ष गमावतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी शाळेचं वार्षिक नियोजन समोर घ्या, मग संशोधनाची रचना ठरवा. उलट क्रमाने काही होत नाही.

आपल्याच वर्गावर प्रयोग केला की आक्षेप ठरलेला: बाईंनी आपल्या मुलांवर जास्त मेहनत घेतली. त्यावर तोड आधीच करून ठेवावी. प्रायोगिक आणि नियंत्रित, दोन्ही गटांना तितक्याच तासिका, त्याची नोंद दैनिक टाचणात. उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, आणि तपासणी दुसऱ्या शिक्षकाकडून. एकाच शाळेच्या अ आणि ब तुकड्या घेतल्या तर मधल्या सुटीत सगळं इकडचं तिकडे होतं, म्हणून नियंत्रित गट शक्यतो तशाच दुसऱ्या शाळेचा घ्या. तुकड्या जशाच्या तशा घेतल्याने सुरुवातीचे गुण सारखे नसतात. तेव्हा नुसती टी-चाचणी न लावता पूर्वचाचणीचे गुण सहचल धरून सहप्रसरण विश्लेषण (सुरुवातीचा फरक हिशेबात धरून गटांची तुलना) करावं. आणि गट काठावर धरू नका. प्रत्येक गटात 30 मुलं हवी असतील तर 40 ने सुरुवात करा. उत्तरचाचणीच्या दिवशी गैरहजर, मध्येच शाळा बदललेले, अर्धीच चाचणी लिहिलेले, असं करत दहा जण सहज कमी होतात.

विश्लेषणासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. जामोवी आणि जेएएसपी ही दोन्ही फुकट मिळतात आणि सहप्रसरण विश्लेषण नीट करतात. बाहेर पैसे देऊन तक्ते करून घेणारे बरेच आहेत. त्यातल्या किती जणांना व्हायव्हात 'हा एफ कुठून आला' याचं उत्तर देता येतं, ते ज्याचं त्याने बघावं.

लेखनाबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगते: पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्ये टाइप करा. बर्डीवरची (सीताबर्डी बाजारातली) बरीच टायपिंगची दुकानं अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. छापून ते सुरेखच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची भेळ असते. वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही, शोधगंगेवर ती शोधता येत नाही, आणि शेवटच्या महिन्यात फॉन्ट बदलायला घेतला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो, तक्त्यातले आकडे चिन्हं होऊन बसतात. कन्व्हर्टरमधून काढलेली 280 पानं पुन्हा शब्दन् शब्द वाचावी लागतात. स्वतः मोबाइलवर बोलून टाइप करणं सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण वर्गानंतरची रोजची अर्धी तासिका त्यात निघते. दुकानातून करून घेतलं तर माझ्या वेळी पानाला तीस रुपये दर होता, दुरुस्त्या वेगळ्या.

संदर्भ पहिल्या दिवसापासून एपीए सातव्या आवृत्तीच्या पद्धतीने झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरत जा. मराठी पुस्तकांसाठी आडनाव आधी की नाव आधी, हे गाइडशी ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. दर सत्राला सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. तो अहवाल उपचार म्हणून न लिहिता तेच प्रकरणाचं कच्चं रूप म्हणून लिहिलं की दुप्पट काम वाचतं. सलग लेखन मे महिन्यातच होतं. नागपूरचा मे कसा असतो ते सांगायला नको. पहाटे पाच ते दहा लिहायचं आणि दुपारी नुसते तक्ते तपासायचे, हे वेळापत्रक निभावतं.

सादर करण्याआधी पूर्व-सादरीकरण होतं आणि साम्य-तपासणी, म्हणजे मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते पाहणं. 2018 च्या युजीसी नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजणीतून वगळतात. मराठी प्रबंधात साम्य वाढतं ते दुसऱ्या प्रकरणात, कारण संबंधित साहित्याच्या आढाव्यात सगळे जण त्याच संशोधनांची तीच वाक्यं उतरवतात. मूळ लेख वाचून, पुस्तक मिटून, मग लिहिलं की हा प्रश्न उरत नाही. अहवालावर गाइडची आणि ग्रंथालयाची सही लागते, आणि दोघेही एकाच दिवशी जागेवर असतीलच असं नाही.

जमा करतानाची फाइल: कोर्सवर्कची गुणपत्रिका, नोंदणीचं पत्र, आराखडा मंजुरीचं पत्र, सगळ्या सत्रांच्या फीच्या पावत्या, प्रगती अहवाल, गाइडचं प्रमाणपत्र, स्वतःचं प्रतिज्ञापन, साम्य-अहवाल, सारांश, सॉफ्ट कॉपी. फीची एखादी पावती हरवलेली असली की लेखा विभागात जुनी नोंद काढून घ्यावी लागते आणि तिथे आठवडा जातो; म्हणून प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी स्वतःला मेल करा. सहा प्रतींची छपाई पानाला दोन रुपयांप्रमाणे 3360 रुपये आणि बांधणी प्रतीमागे तीनशे, असं मला पडलं. बांधणीच्या आधी मुखपृष्ठाचा नमुना विद्यापीठाच्या कक्षात दाखवून घ्या. कापडी बांधणी उसवून पुन्हा करणं महागात जातं.

यानंतर थांबायचं. गाइडखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात. नियमात सादर केल्यापासून सहा महिन्यांत सगळी प्रक्रिया पूर्ण व्हावी असं आहे. प्रत्यक्षात अहवाल येण्याला आपला इलाज नसतो. महिन्यातून एकदा कक्षात नम्रपणे चौकशी करावी, त्याहून जास्त नाही. या काळात तक्ते पुन्हा वाचा, स्वतःच्या प्रबंधातल्या चुकांची यादी करा. परीक्षकाने चूक दाखवण्याआधी ती आपल्याला माहीत असली की चेहरा पडत नाही.

व्हायव्हा खुली असते. सहकारी, इतर संशोधक येऊ शकतात. वीस मिनिटांचं सादरीकरण, त्यातली निम्मी साधन आणि निष्कर्षांना द्या. प्रस्तावनेत व आयोगांच्या शिफारशींत वेळ घालवला की अध्यक्ष घड्याळ बघतात. प्रश्न बहुधा ठरावीक: हाच नमुना का, मर्यादा काय, पुढच्या वर्षी हाच वर्ग मिळाला तर काय वेगळं कराल. शेवटच्या प्रश्नाला शाळेतला शिक्षक सगळ्यात चांगलं उत्तर देतो, कारण त्याला तो वर्ग खरोखर मिळणार असतो.

पदवी मिळाल्याची अधिसूचना निघाली की तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या, पदवीदान समारंभाची वाट बघत बसू नका. त्या पदवीचा आणि मूळ परवानगी पत्राचा असे दोन्ही उतारे जोडून सेवापुस्तकात नोंद घेण्याचा अर्ज करा. परवानगी पत्र नसेल तर नोंद अडते, म्हणून एनओसीची मूळ प्रत शाळेच्या कपाटात न ठेवता घरी ठेवायची. शोधगंगेवर आपला प्रबंध चढला का ते बघा. प्रकरणनिहाय फाइल्स उघडून पाहा, कधी कधी चौथ्या प्रकरणाच्या जागी तिसरंच दोनदा चढलेलं असतं. तसं दिसलं तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मेल करायचा, विषयात नोंदणी क्रमांक लिहून.